मुंबईच्या उकाड्यात पहिला रोल घरी धुताना

कॅमेऱ्याच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा माझा पहिला रोल मी मे महिन्यातल्या एका दुपारी धुतला आणि तो कोळशासारखा काळा निघाला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम्स. ट्यूबलाइटसमोर धरला तरी आरपार काही दिसेना. फिल्म धुण्याच्या वेळांच्या तक्त्यात दिलेली ११ मिनिटं मी मोबाइल समोर ठेवून सेकंदासकट मोजली होती. पण ती ११ मिनिटं २० अंश सेल्सियसच्या पाण्यासाठी होती, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आमच्या परळच्या घरात येणारं पाणी त्या दुपारी ३१ अंशांचं होतं. इतक्या फरकाने डेव्हलपरचा, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा, वेग दुपटीच्या वर जातो. दोन शिट्ट्यांचा भात मी पाच शिट्ट्यांवर उतरवला होता.

रोल घरी धुण्याबद्दलचं बरंचसं लिखाण थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांच्या नळाला गार पाणी येतं आणि ते कोमट करून २० अंशांवर आणायचं असतं. आपलं गाडं उलटं चालतं. त्यामुळे अंधाराची आणि केमिकलची भीती बाजूला ठेवा, मुंबईत खरी मारामारी पाण्याशी आहे. पावसाळ्यात तिला हवेतल्या दमटपणाची जोड मिळते.

माझा उपाय सोपा आहे. २० चा हट्ट सोडायचा आणि २४ अंश धरायचे. कोडॅकच्या स्वतःच्या तक्त्यांतही २४ अंशांचा रकाना असतो, म्हणजे ही काही पळवाट नाही. २४ च्या फार वर गेलं की वेळ पाच मिनिटांच्या खाली उतरते आणि ओतण्या-काढण्यातल्या दहा-पंधरा सेकंदांचा फरकसुद्धा फिल्मवर डागासारखा दिसतो. आणि २० वर राहायचं म्हटलं तर सगळा वेळ बर्फ फोडण्यात जातो.

सामान

फिल्म कोणती, ते आधी बघा. इलफर्डची एचपी-५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स, दोन्ही ४०० आयएसओच्या, दोन्ही नवशिक्याच्या चुका पोटात घालणाऱ्या. पुढचे सगळे आकडे मी एचपी-५ चे देते. एक सापळा सांगून ठेवते: इलफर्डचीच एक्सपी-२ सुपर नावाची फिल्म ब्लॅक अँड व्हाइट असली तरी ती रंगीत रोलच्या सी-४१ पद्धतीने धुवावी लागते. डबीवर सी-४१ लिहिलेलं असेल तर या लेखातली कृती तिला लागू नाही.

टँक, म्हणजे आत उजेड न जाणारा डबा, आणि त्यात बसणारं रील, म्हणजे फिल्म गुंडाळायचं खाचांचं चाक, ही मुख्य खरेदी. पॅटर्सनचा प्लॅस्टिकचा टँक नवख्यासाठी सगळ्यात सोयीचा. ३५ मिमीच्या एका रोलला त्यात २९० मिली द्रावण लागतं, आपण ३०० धरू. फोर्टात बोरा बाजारच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत विचारा. नाहीतर ओळखीच्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे पोटमाळ्यावर टँक धूळ खात पडलेला असतो, तो चहाच्या निमित्ताने मिळून जातो. सोबत चेंजिंग बॅग घ्या, म्हणजे आत हात घालून काम करायची काळोखी पिशवी. आपल्या घरांत पूर्ण काळोखाची खोली कुठून आणणार? बाथरूमच्या दाराखालून उजेड येतो, खिडकीतून रस्त्यावरचा दिवा, आणि समोरच्या इमारतीत लग्न असेल तर विचारूच नका.

बाकीचं घरगुती: ३०० मिलीपर्यंत खुणा असलेला मोजपेला, कात्री, कोल्ड्रिंकचं बूच काढायचा ओपनर, प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या, कपड्यांचे चिमटे, रबरी हातमोजे, मोठा टब. आणि थर्मामीटर. तापाचा चालणार नाही, तो ३५ अंशांच्या खालचं बोलतच नाही. स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल किंवा प्रयोगशाळेतला काचेचा वेगळा घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटला, म्हणजे शामलदास गांधी मार्गावर, प्रयोगशाळेचं सामान आणि सुटी केमिकल्स मिळतात.

सुट्या केमिकल्सवरून आठवलं. डी-७६ हा १९२७ पासून चालत आलेला डेव्हलपर आहे आणि त्याची कृती काही गुपित नाही. एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम. पुढेमागे हे घरी कालवता येतं. पण पहिल्या वेळी तयार पाकीटच आणा. रोल बिघडला तर दोष वजनकाट्याचा की पाण्याचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

पाकीट साधारण ५० ते ५५ अंशांच्या पाण्यात विरघळवायचं, हाताला चटका बसेल पण उकळणार नाही इतक्या. हे आदल्या रात्री करा. बाटली गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा. हवा हा डेव्हलपरचा शत्रू. पूर्ण भरलेल्या बाटलीत तो सहा महिने टिकतो, अर्धी रिकामी झाली की दोन महिने धरा. रंग चहासारखा झाला असेल तर मोह न करता फेकून द्या. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख लिहा आणि ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. स्वयंपाकाचं एकही भांडं यात वापरायचं नाही. आईचं म्हणणं याहून थोडक्यात होतं: "तुझं ते औषध माझ्या ओट्यावर दिसलं तर तुझ्यासकट बाहेर." हातमोजे घालाच, मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ उठतं.

स्टॉप बाथसाठी, म्हणजे डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणासाठी, किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग. फिक्सरला, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणाला, आपल्याकडचे जुने फोटोग्राफर अजून 'हायपो'च म्हणतात. साध्या हायपोला दहा मिनिटं लागतात; इलफर्डचा रॅपिड फिक्सर १+४ म्हणजे २०० मिलीत ८०० मिली पाणी घालून केला तर पाच मिनिटांत काम होतं आणि ते लिटरभर द्रावण पुन्हा पुन्हा वापरता येतं. अगदी शेवटच्या बुडवणीसाठी केमिस्टकडून डिस्टिल्ड वॉटर आणा.

रील भरण्याची तालीम

ही पायरी गाळणारा माणूस बॅगेत हात घालून रडकुंडीला येतो. एक रोल बळी द्या, मुदत संपलेला, स्वस्तातला, कसलाही. तो उजेडात रीलवर चढवा. मग डोळे मिटून. मग बॅगेत. डोळे मिटून लागोपाठ पाच वेळा जमलं की तुम्ही तयार.

आधी काडतुसाचं, म्हणजे फिल्म ज्यात गुंडाळलेली असते त्या पत्र्याच्या नळकांड्याचं, टोपण ओपनरने उचकटायचं. फिल्म बाहेर आली की तिची अरुंद जीभ कात्रीने सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे, टोकदार कोपरा रीलच्या खाचेत अडतो. पॅटर्सनच्या रीलला दोन उंचवटे असतात. ते बोटांनी शोधायचे, समोरासमोर आणायचे आणि त्यांच्यामधून फिल्म आत सरकवायची. उंचवट्यांपाशी बसवलेल्या छोट्या गोळ्यांच्या पलीकडे गेली की रीलच्या दोन बाजू आळीपाळीने पुढे-मागे फिरवायच्या. खर्र, खर्र असा एकसारखा आवाज येत राहतो. आवाज बदलला, हाताला जोर लावावा लागला, की थांबा. पुढे ढकलू नका. दोन घरं मागे घ्या, रील हलकेच टेबलावर आपटा, पुन्हा फिरवा. शेवटी फिल्म गाभ्याला चिकटपट्टीने लावलेली असते, तिथे कापायची.

जुलैमध्ये हे सगळं दुप्पट अवघड होतं. बॅगेत हात घातले की दोन मिनिटांत तळवे घामेजतात, आतली हवा कोंदट होते आणि फिल्म रीलला चिकटते. माझ्या तिसऱ्या रोलला मी अशीच जबरदस्ती केली. धुऊन बाहेर आला तेव्हा फ्रेम्सवर कपाळावर काढतात तशा इवल्या काळ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. फिल्म जिथे जिथे दुमडली, तिथे तिथे एक. तेव्हापासून रील आदल्या दिवशी हेअर ड्रायरने कोरडं करते, हात धुऊन पुसून टाल्कम पावडर न लावता (ती फिल्मवर जाते) पंख्याखाली सुकवते, आणि फारच अडलं तर रील-फिल्म टँकमध्ये टाकून झाकण लावते, हात बाहेर काढून दहा मिनिटं बसते. टँक बंद आहे तोवर घाई कसलीच नाही.

टँकमधली मधली पोकळ नळी रीलच्या आत घालायला विसरू नका. ती नसेल तर झाकणाच्या भोकातून उजेड सरळ आत शिरतो. बॅगेत हात घालण्याआधी मनगटावरचं चमकणारं घड्याळ काढून ठेवा. टँक, नळी, झाकण, रील, कात्री, ओपनर, सगळं आत आहे ना, ते तोंडाने मोजा आणि मगच चेन लावा.

पाणी २४ वर आणणं

पहिला रोल धुवायला डिसेंबर-जानेवारीची सकाळ मिळाली तर सोनं. नळाचं पाणी जवळपास हवं तसंच येतं. बाकी वर्षभर दुपारचं टाकीतलं पाणी टाळा. रात्री पिंपात भरून ठेवलेलं पाणी सकाळी दोन-तीन अंशांनी तरी बरं असतं. माठाचा मोह मलाही झाला होता. पण माठ गार होतो तो बाष्पीभवनाने, आणि जुलैच्या मुंबईत हवा आधीच पाण्याने भरलेली, तेव्हा माठ नुसता घाम गाळत बसतो.

खरी युक्ती १+१ मध्ये आहे. डी-७६ समान पाणी घालून एकदाच वापरायचा आणि टाकून द्यायचा. म्हणजे ३०० मिलीपैकी अर्धं द्रावण नुसतं पाणीच आहे आणि ते पाणी फ्रिजमधलं असू शकतं! समजा बाटलीतला डेव्हलपर आणि घरातलं पाणी दोन्ही ३० अंशांवर आहेत आणि फ्रिजमधली बाटली १० वर. १५० मिली डेव्हलपर, ९० मिली फ्रिजचं पाणी, ६० मिली साधं पाणी. बेरीज ३०० मिली, तापमान २४ च्या आसपास. थर्मामीटर घालून बघा, एखादा अंश इकडेतिकडे असेल तर चमचाभर गार-कोमट करून जुळवा. बर्फ डेव्हलपरमध्ये कधीही टाकू नका, तो वितळून द्रावण पातळ करतो.

बर्फाची जागा टबात. टबात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यात सोडा, २४ झालं की पिशवी काढा. या पाण्यात डेव्हलपर, स्टॉप आणि फिक्सरच्या बाटल्या, धुण्याच्या पाण्याची एक मोठी बाटली आणि भरलेला टँकसुद्धा दहा-पंधरा मिनिटं उभा ठेवायचा. टँक कोरडा आणि ३२ अंशांवर असेल तर ओतलेला डेव्हलपर आत जाताच तापतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. फिक्सर आणि धुण्याचं पाणी एखाददुसऱ्या अंशाने चुकलं तर चालतं. पण २४ च्या डेव्हलपरमधून निघालेल्या फिल्मवर ३२ चं पाणी सोडू नका, फिल्मवरच्या ओल्या थराला, म्हणजे इमल्शनला, असे झटके सोसत नाहीत.

एचपी-५ ला डी-७६ १+१ मध्ये २० अंशांवर ११ मिनिटं लागतात, ती २४ अंशांवर साडेसात होतात. डी-७६ ऐवजी इलफर्डचा आयडी-११ मिळाला तर १३ ची ९ करा. दुसरी फिल्म असेल तर तिच्या २० अंशांच्या वेळेला ०.७ ने गुणलं तरी पहिल्या रोलपुरतं भागतं.

प्रत्यक्ष धुणं

इथून पुढे सगळं मिळून पंचवीस मिनिटांचा खेळ आहे आणि दिवे चालू ठेवून करायचा आहे. दाराची बेल वाजली तर कुणीतरी दुसऱ्याने उघडायची, हे आधीच सांगून ठेवा.

डेव्हलपर झाकणाच्या भोकातून एका दमात ओता, घड्याळ सुरू करा, भोकावरचं टोपण लावा. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा हळुवार उलटा-सुलटा करा आणि बूड टबाच्या काठावर दोनदा ठोका, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग टँक टबात. पुढच्या प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चार वेळा उलटवायचा आणि ठेवून द्यायचा. कॉकटेल हलवल्यासारखा सतत हलवलात तर काँट्रास्ट अंगावर येतो. अजिबात नाही हलवलात तर पट्टे पडतात. सात मिनिटं पंधरा सेकंदांना ओतायला सुरुवात करा म्हणजे साडेसातला टँक रिकामा होईल. हा वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडला तरी चालतो.

स्टॉप बाथ अर्धा ते एक मिनिट, हलवत राहा. तो बाहेर, फिक्सर आत, पाच मिनिटं, दर मिनिटाला डेव्हलपरसारखंच चारदा उलटवणं. फिक्सर ताजा आहे की दमलेला, हे तपासायचं असेल तर कापून उरलेली फिल्मची जीभ उजेडातच त्यात टाका आणि ती काचेसारखी स्वच्छ व्हायला लागलेला वेळ मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिक्सिंगला द्या. फिक्सर परत बाटलीत ओता, तो मोरीत टाकायचा नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. एक्स-रे वाल्यांकडून असा हायपो चांदीसाठी विकत नेणारे लोक असतात, दमलेला फिक्सर त्यांच्यापर्यंत पोचवा.

आता झाकण उघडून बघायला हरकत नाही. मी दर वेळी बघते. फिल्मवर दुधाळ साय दिसली तर फिक्सिंग अपुरं आहे, आणखी दोन-तीन मिनिटं द्या.

मग फिक्सर धुऊन काढायचा. जुन्या पद्धतीत त्यासाठी फिल्म अर्धा तास वाहत्या नळाखाली धरायचे. ठरावीक वेळेला पाणी येणाऱ्या इमारतीत असं केलं तर सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. इलफर्डची पद्धत जेमतेम लिटरभर पाण्यात होते: टँक भरा, ५ वेळा उलटवा, ओतून द्या, पुन्हा भरा, १० वेळा, पुन्हा भरा, २० वेळा. मी मनाच्या समाधानासाठी चौथं पाणी घालते. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात फोटो-फ्लोसारख्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब टाकून एक मिनिट बुडवायचं, म्हणजे सुकताना थेंबांचे डाग पडत नाहीत.

आपण या सगळ्याला 'रोल धुणं' म्हणतो, पण त्यातलं खरं धुणं एवढंच. दादरला फाळक्यांच्या घरी १९१२-१३ साली सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंतची कामं करत होत्या, तेव्हा ना फ्रिज होता ना डिजिटल थर्मामीटर. आणि त्यांची फिल्म छत्तीस फ्रेम्सची नव्हती.

सुकवणं आणि वाचणं

बाथरूममध्ये पाच मिनिटं गरम पाणी सोडून वाफ होऊ द्या, वाफेबरोबर धूळ खाली बसते. दोरीला चिमट्याने फिल्म लटकवा, खालच्या टोकाला दुसरा चिमटा वजन म्हणून. ओली फिल्म बोटांनी निपटू नका, एक कण पुरतो आख्ख्या रोलवर ओरखडा ओढायला. पंखा नको, ड्रायर नको, दार बंद. हिवाळ्यात तीन-चार तास पुरतात. पावसाळ्यात रात्रभर राहू द्या आणि सकाळी आंघोळीच्या रांगेतल्यांची बोलणी खा.

सुकली की फोटो बघण्याआधी कडा बघा. कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नसतो. ती अक्षरं ठसठशीत काळी असतील तर धुणं बरोबर झालंय. अक्षरं ठसठशीत आणि फ्रेम्स मात्र फिकट असतील तर फोटो काढतानाच उजेड कमी पडला. अक्षरंही फिकट असतील तर डेव्हलपर गार, जुना किंवा वेळ कमी. अक्षरं आहेत आणि फ्रेम्सच नाहीत, तर रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नव्हता. आणि अक्षरंसुद्धा नसतील, सगळी पट्टी काचेसारखी कोरी असेल, तर तुम्ही फिक्सर आधी ओतलात. बाटल्यांवर नावं मोठी लिहा म्हणते ती याचसाठी. माझ्या मे महिन्यातल्या रोलची अक्षरं इतकी काळी होती की फुगून एकमेकांत मिसळली होती.

सहा-सहा फ्रेम्सच्या पट्ट्या कापून प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये घाला. माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत नेगेटिव्हवर बुरशीची जाळी दिसेल. स्लीव्हवर तारीख, फिल्म, डेव्हलपर, तापमान आणि मिनिटं लिहा. पुढच्या रोलला काँट्रास्ट जास्त वाटला तर अर्धं मिनिट कमी, फिकट वाटला तर अर्धं जास्त. पण तापमान २४ च ठेवा. दोन्ही एकदम बदललं की काय कशाने झालं, ते कळत नाही.

टँक आणि रील लगेच धुऊन ठेवा. साबण नको, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश खाचांतून फिरवा. रील बाहेरून कोरडं दिसलं तरी त्या छोट्या गोळ्यांपाशी पाणी दडून बसतं. पावसाळ्यात त्याला दोन दिवस द्या, दुसरा रोल तोपर्यंत फ्रिजमध्ये राहू दे, डबीत, बंद पिशवीत, आईच्या कोथिंबिरीपासून लांब.